आर्थिक सल्लागाराकडे पहिल्यांदा जाताय? इंदूरकर मंडळींचे वारंवार येणारे प्रश्न

गणपतीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं की लोकं मला हेच विचारतात, आणि आता व्हॉट्सॅपवर पण तेच मेसेज परत परत येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलं. मी स्वतः सल्लागार नाही. सियागंजात एका पेढीवर २२ वर्षं वह्या लिहिल्या, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे, आणि आईच्या बाबतीत जे झालं (प्रश्न ९) त्यानंतर ओळखीच्या घरांबरोबर बसून पहिल्या भेटीची तयारी करून देते. कोणाकडून एक पैसा घेत नाही.

१. पगार ४० हजार, महिनाअखेर हातात काही उरत नाही. माझ्यासारख्याने सल्लागाराकडे जायचं तरी कशाला?

खरं सांगायचं तर प्रत्येकाने जायलाच पाहिजे असं नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरवत असाल तर त्यावर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज चाललंय, ते आधी फेडा, यासाठी कोणाला फी द्यायची गरज नाही. पण घरात काही मोठं घडत असेल, म्हणजे बाबा रिटायर होऊन एकरकमी पैसा आलाय, जुनं घर विकलंय, बाळ झालंय, नोकरी बदलून पुण्याला चाललात, तर जा. पगार लहान असला की एका चुकीच्या सहीचं नुकसान भरून यायला जास्त वर्षं लागतात.

२. सल्लागार, एजंट, बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर, डिस्ट्रिब्युटर, सगळे एकच ना?

नाही हो, आणि सगळी गोम इथेच आहे. विम्याच्या एजंटला विमा कंपनी कमिशन देते. म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरकडे अँफीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन नावाचा नोंदणी नंबर असतो, त्याला फंड कंपनी दरवर्षी कमिशन देते, तुमचे पैसे तिथे आहेत तोवर. बँकेतल्या मॅनेजरवर टार्गेट असतं. आणि सेबीकडे (शेअर-फंडांच्या बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर झालेला इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर, ज्याला नियमाच्या भाषेत सल्लागार म्हणतात, त्याची फी तुम्ही देता, आणि तुम्हाला सल्ला देऊन वर तुम्हालाच काही विकून कमिशन खायची त्याला परवानगी नाही. हे नियम २०१३ पासून आहेत.

हिशोब करून बघा. रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमार्फत घेतलेल्या फंडात, २० लाख आहेत आणि डिस्ट्रिब्युटरला त्यातून १ टक्का जातोय, तर वर्षाला २० हजार झाले, फक्त ते वेगळं बिल होऊन येत नाही, फंडाच्या किमतीतूनच कापले जातात, म्हणून "फुकट" वाटतं. डायरेक्ट प्लॅनमध्ये हे कमिशन नसतं, ते प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सगळ्या फंडांना ठेवावे लागतात.

याचा अर्थ एजंट वाईट असा अजिबात घेऊ नका. माझ्या सासऱ्यांचे हप्ते भरायला मे महिन्याच्या उन्हात सायकलवर घरी येणारे एजंटकाका होते, सासरे गेल्यावर क्लेमचे सगळे कागद त्यांनीच फिरून केले. फक्त समोरच्याचे पैसे कुठून येतात ते माहीत असलं पाहिजे. सरळ विचारा: "यातून तुम्हाला काय मिळतं?" चांगला माणूस उत्तर देतो.

३. माणूस खरंच रजिस्टर्ड आहे हे कसं बघायचं? इथे तर रोज फोन येतात.

सल्लागाराचा नंबर "आयएनए" या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरची यादी आहे, तिथे नाव, नंबर, पत्ता, फोन सगळं जुळतंय का ते स्वतः बघा, त्याने पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. "आयएनएच" ने सुरू होणारा नंबर रिसर्च अॅनालिस्टचा, तो शेअरबद्दल मत देतो, तुमच्या घराचं नियोजन करणं हे त्याचं काम नाही.

इंदूरकरांनी तर जास्तच सांभाळायला हवं. "सर, रोजचे पाच हजार पक्के" असं सांगणारी कॉल सेंटरं विजय नगर, पलासिया भागात चालायची हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, सेबीने इंदूरच्या कित्येक सल्लागार कंपन्यांवर आदेश काढलेत, आणि त्यातल्या काहींकडे चक्क रजिस्ट्रेशन होतं. म्हणून नंबर असणं ही पहिली चाळणी समजा. दुसरी चाळणी म्हणजे पक्क्या परताव्याचा शब्द. ठराविक परतावा मिळेलच असं सल्लागाराला सांगताच येत नाही. तो शब्द ऐकला की फोन ठेवा.

४. फी किती असते? ओळखीतला मुलगा फुकटात सांगतोय तर पैसे का घालवायचे?

फुकटाचं वर प्रश्न २ मध्ये आलंय. फीचे दोन प्रकार: एक ठरलेली रक्कम, किंवा तुमची जेवढी मालमत्ता तो बघतो त्यावर टक्के. सेबीची कमाल मर्यादा ठरलेल्या रकमेला एका कुटुंबाला वर्षाला १ लाख ५१ हजार, आणि टक्केवारीत अडीच टक्के. ही कमाल आहे, साध्या पगारदार घराला एवढी लागायचं कारण नाही, पहिल्या फोनवरच आकडा विचारून घ्या. फी रोखीत घ्यायची परवानगीच नाहीये, चेक किंवा बँकेतून किंवा यूपीआयने द्यायची आणि पावती घ्यायची. "कॅश द्या, जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

५. कागद काय काय न्यायचे? आमच्याकडे सगळं इकडे तिकडे आहे.

सगळ्यांचंच इकडे तिकडे असतं. सुदामा नगरात एका काकांकडे बसले होते, त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून टेबलावर उपडा केला. वीस वर्षांच्या प्रीमियमच्या पावत्या, रबरबँड उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटलेले, एटीएमच्या स्लिपा पार कोऱ्या झालेल्या, आणि सगळ्यात खाली घडी घातलेली २०११ ची एफडी, काकूंच्या एकटीच्या नावावर, नॉमिनीची जागा रिकामी. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. काका ती पावती हातात धरून बराच वेळ गप्प बसले. पैसे पुढे मिळाले, पण वारस म्हणून कागद जमवण्यात आठ महिने गेले.

म्हणून भेटीच्या आधी दोन रविवार काढा. पहिल्या रविवारी फक्त गोळा करायचं. म्युच्युअल फंड कितीही असोत, कॅम्स किंवा केफिनटेक (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांच्या साइटवरून पॅन आणि ईमेलवर सगळ्यांचं एकत्र स्टेटमेंट मागवता येतं, त्याला कॅस म्हणतात. पीएफचं पासबुक उमंग अॅपवर. पॉलिस्यांचे मूळ बाँड शोधा, नुसती पावती नको, कारण मुदत, विम्याची रक्कम, नॉमिनी हे सगळं बाँडवर असतं. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर त्याची रक्कम आणि त्यात आईबाबा आहेत का ते एचआरला विचारून ठेवा. कर्जांची स्टेटमेंटं, पगाराच्या तीन स्लिपा, दोन वर्षांचे रिटर्न.

आणि एक युक्ती सांगते, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक असतं, त्यात बँकांनी कळवलेलं व्याज दिसतं. विसरलेली एफडी तिथे सापडते, मी स्वतः दोन घरात अशी सापडवलीये. दहा वर्षांहून जास्त काळ हात न लावलेलं खातं असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा.

दुसऱ्या रविवारी हे सगळं एका फुलस्केप कागदावर उतरवा. डावीकडे काय आहे, उजवीकडे काय देणं आहे, खाली कोणाच्या नावावर आणि नॉमिनी कोण. सल्लागाराला हा एकच कागद द्यायचा, बाकी फाइल जवळ ठेवायची, मागितलं तर दाखवायचं.

६. महिन्याला खर्च किती होतो तेच माहीत नाही, ते विचारलं तर?

अंदाज सांगू नका, तो नेहमी कमीच निघतो. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून बाहेर गेलेली रक्कम बेरीज करा आणि सहाने भागा, बस. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी, गावी जाणं, हे वेगळे लिहा, कारण हिशोब तिथेच चुकतो.

७. बायकोला न्यायचं का? ती म्हणते मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा.

न्यायचंच. यावर माझं मत ठाम आहे. मी जेवढ्या घरांत बसले त्यात अडचणीत आलेल्या बहुतेक बायका हेच वाक्य बोललेल्या होत्या, "तेच बघायचे सगळं". कळत नाही म्हणणारी बाई घर ३० हजारांत चालवत असते, तिला आकडे उत्तम कळतात, तिला त्या शब्दांची सवय नसते एवढंच. आणि नवऱ्याला काय नको असतं, त्याची भीती कशाची, ते तिला जास्त माहीत असतं. भेटीत सल्लागार फक्त पुरुषाकडे बघून बोलत असेल तर ती पण एक माहितीच समजा.

उलटं पण तितकंच खरं, वहिनी, तुमची स्वतःची एफडी, माहेरचं सोनं हे लपवून प्लॅन केला तर तो प्लॅन खोटाच होणार. घरात आधी बोला, मग जा.

८. मित्राकडून उधार घेतलंय, शेअरमध्ये पैसे बुडवलेत. हे पण सांगायचं? लाज वाटते.

सांगा. वैद्याला पथ्य मोडलेलं लपवून औषध घेण्यासारखं आहे ते. आदल्या दिवशी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात कुठलं विसरलेलं कर्ज किंवा जामीनकी दिसत असेल तर तुम्हालाही कळेल. हातउसने त्यात दिसत नाहीत, ते स्वतः लिहायचे. लाज वाटण्यासारखं कोणी काही बोललं तर उठून या, माणूस बदला.

९. पहिल्याच भेटीत तो सही करा, चेक द्या म्हणाला तर?

नाही म्हणायचं. पहिली भेट ऐकायची आणि विचारायची.

माझी आई ६८ वर्षांची होती. तीन लाखांची एफडी मुदतीला आली होती, बँकेतल्या मुलीने "काकू, तीच स्कीम आहे, व्याज जास्त" असं सांगून तीन-चार जागी सह्या घेतल्या. ती युलिप निघाली, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, पाच वर्षं दरवर्षी तेवढेच भरायचे आणि पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत. आईची पेन्शन वर्षाला तेवढी नव्हतीच. तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं, तेव्हा परत करायची मुदत उलटून गेली होती. ती मुलगी गोड बोलायची, आईला चहा द्यायची, आईला तिचा रागही आला नाही, स्वतःचाच आला. मला अजून वाईट वाटतं ते त्याचंच.

तर नियम असा ठेवा: पहिल्या दिवशी सही नाही, चेक नाही, कोरा सही केलेला फॉर्म कधीच नाही. ओटीपी, नेटबँकिंगचा पासवर्ड, डिमॅटचा पिन कोणालाच नाही, रजिस्टर्ड सल्लागाराला तर नाहीच, त्याला ते लागत नाही. काम सुरू करायचं ठरलं की करारपत्र होतं, ते घरी आणून वाचा, फी आणि काम काय ते त्यात लिहिलेलं असतं, पॅनची प्रत तेव्हा द्या. "आजच शेवटची तारीख" म्हटलं तर उद्या जा.

१०. भेटीत काय विचारतात, आणि आपण काय विचारायचं?

तो वय, उत्पन्न, कोण अवलंबून आहे, कधी किती पैसा लागणार हे विचारेल. "मुलांचं शिक्षण" एवढं पुरत नाही, मुलगी आता पाचवीत, सात वर्षांनी बारावी झाली की इंजिनिअरिंग, आजच्या भावाने १२ लाख, असं सांगा. महागाई सहा टक्के धरली तर साधारण १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, हे डोक्यात ठेवलं तरी बोलणं सोपं जातं.

मग तो जोखमीचा फॉर्म भरून घेईल, ते त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यात शूरपणा नको. बाजार ३० टक्के पडला तर काय कराल या प्रश्नाला सगळे "थांबेन" लिहितात. मार्च २०२० मध्ये कोरोनाने बाजार कोसळला तेव्हा तुम्ही खरंच काय केलं होतं ते आठवा आणि ते लिहा.

तुम्ही विचारायचं: अशी किती घरं सांभाळता, कमिशन घेता का (प्रश्न २), वर्षातून किती वेळा भेटणार, तुम्हाला काही झालं तर माझी फाइल कोण बघणार. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

११. सगळे म्हणतात जुन्या एलआयसी पॉलिस्या बंद करा. भेटीआधीच करून टाकू?

मुळीच नको. आधी बाँड घेऊन जा. दरवर्षी ५० हजार, २० वर्षं, म्हणजे १० लाख भरले आणि शेवटी १८ लाख मिळाले, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आतच पडतो, हे खरंय, आकडा दिसतो दुप्पटीच्या जवळ म्हणून फसायला होतं. पण म्हणून प्रत्येक पॉलिसी तोडायची असं होत नाही. दोनच वर्षं राहिली असतील तर चालू ठेवणं बरं पडू शकतं, मधे असाल तर पेड-अप करणं (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवणं) आणि सरेंडर करणं (मोडून पैसे घेणं) यात फरक आहे, दोन्हीचे आकडे शाखेतून लेखी मागवून घ्या. आणि नवीन टर्म विमा (माणूस गेला तरच घराला रक्कम देणारा) हातात आल्याशिवाय जुना विमा सोडायचा नाही. शुगर-बीपी निघालं आणि नवीन मिळाला नाही तर?

१२. बाबा रिटायर झालेत, पैसे खात्यात पडून आहेत. मी त्यांच्या वतीने जाऊ का?

बरोबर जा. पैसा त्यांचा, सही त्यांची, त्यामुळे निर्णयही त्यांचाच. रक्कम आली की पहिला महिना फोन फार येतात, बँकेतून पण, तेव्हा दोन-तीन महिने साध्या एफडीत ठेवली तर काही बिघडत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० नंतर ३० लाखांपर्यंत टाकता येतात, पाच वर्षांची मुदत, व्याज दर तीन महिन्यांनी. मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत निवृत्ती ६२ ला होते त्यामुळे वयाची अडचण येत नाही, पण खाजगी नोकरीतून ५८ ला बाहेर पडलेल्यांनी लक्ष द्या, ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, ती मुदत चुकवू नका.

१३. मुलगा अमेरिकेत आहे, त्याचं आणि आमचं एकत्रच बघायला सांगू?

वेगळं लिहून न्या. तो तिथे स्थायिक झाला की त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं खातं) करून घ्यावं लागतं, बऱ्याच घरात ते अजून साधंच चालू आहे आणि आई एटीएम वापरतेय. पीपीएफ जुनं असेल तर मुदतीपर्यंत चालतं, नवीन उघडता येत नाही. कितीतरी फंड कंपन्या अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांचे पैसे घेत नाहीत. एनआरआय लोकांचं काम करणारा सल्लागार आहे का ते फोनवरच विचारा.

१४. सोनं, भिशी, सोसायटीतली ठेव, हे मोजायचं का?

सोनं वजनाने लिहा, ग्रॅममध्ये, सराफ्यात विकायला गेल्यावर मजुरी कोणी परत देत नाही. अंगावरचं आणि मुलीला द्यायचं वेगळं काढा, ते विकणार नाही हे आधीच सांगून टाका.

भिशी लिहा, पण तिला कुठलंही संरक्षण नाही, ओळखीवर चालते. पतसंस्थेतल्या ठेवीबद्दल मात्र गैरसमज फार आहे. ठेवींचा पाच लाखांपर्यंतचा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांना पण आहे, प्रत्येक बँकेत माणशी मुद्दल-व्याज मिळून. क्रेडिट सोसायटीला तो नाही. दार, काउंटर, पासबुक सगळं बँकेसारखं दिसतं म्हणून आपली म्हातारी माणसं तिथे आयुष्यभराची पुंजी ठेवतात. पासबुकावर नाव नीट वाचा.

१५. नॉमिनी घातलाय, मग मृत्युपत्र कशाला?

बहुतेक ठिकाणी नॉमिनी फक्त पैसे हातात घेतो, मालक वारसच ठरतात. शेअर्स-फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलंय. रामबागेतलं वडिलोपार्जित घर, तीन भाऊ आणि एक बहीण, असं असेल तर सल्लागाराला हिस्सा किती ते सांगा, अख्खं घर स्वतःच्या रकान्यात धरू नका. पुढचं काम वकिलाचं.

१६. सल्लागार नात्यातलाच आहे, आत्याचा मुलगा. नाही कसं म्हणू?

हे सगळ्यात अवघड. प्रश्न ३ आणि ४ चे निकष त्यालाही लावा. आणि घरातली खाजगी गोष्ट त्याला कळावी असं वाटतं का, ते स्वतःला विचारा, कारण प्रश्न ८ मधलं तुम्ही त्याला सांगणार नाही. "दादा, नात्यात पैशाचं नको, आपले संबंध मला जास्त महत्त्वाचे" एवढं प्रेमाने म्हटलं की बहुतेक लोक समजून घेतात.

१७. पुण्या-मुंबईचा सल्लागार व्हिडिओ कॉलवर चालेल?

चालेल, रजिस्ट्रेशन देशभर चालतं. फक्त पहिला कॉल आईबाबांना मोबाइलवर नका करायला लावू, टीव्हीला किंवा लॅपटॉपला जोडा, आणि प्रश्न ५ मधला कागद आदल्या दिवशी मेल करा.

१८. भेट झाली, पैसे दिले, आता फसल्यासारखं वाटतंय. काय करू?

आधी सल्लागाराला मेलवर लेखी कळवा, फोनवर भांडू नका. उत्तर नाही आलं तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा, २१ दिवसांत उत्तर देणं सल्लागारावर बंधनकारक आहे, सेबीची फुकट हेल्पलाइन १८०० २२ ७५७५. रजिस्ट्रेशनच नसलेला माणूस असेल आणि पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, थांबू नका, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता आली तर तेवढीच वाचते.

आणि विमा गळ्यात पडला असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कुरिअर किंवा मेल आला त्या दिवशीच पाकिटावर पेनाने तारीख लिहा, आणि आईबाबांच्या घरीही एक पेन त्या ड्रॉवरमध्ये ठेवून या.